‘पूरक द्रव्य’ ह्या संज्ञेची चिकित्सा
(विद्युत्-विलेपित चुंबकीय पटलांच्या वाङ्मयाच्या निमित्ताने)

१

ललित वाङ्मयात एखादा शब्द संदिग्ध असला, तर त्याने कित्येकदा अर्थाला खोली येते. शास्त्रीय वाङ्मयात संज्ञा संदिग्ध असली म्हणजे मात्र उलट घडते : जो प्रश्न विचारावयास हवा तो विचारलाच जात नाही, कारण त्याचे उत्तर संज्ञेतच मिळाले असा वाचकाचा व लेखकाचाही समज होतो. प्रस्तुत लेखात अशा एका संज्ञेचा विचार करावयाचा आहे. इंग्रजीत जिला ‘अ‍ॅडिटिव्ह’ म्हणतात व मराठीत जिच्यासाठी ‘पूरक द्रव्य’, ‘योज्य’, ‘मिश्रक’ असे पर्याय सुचतात, ती ही संज्ञा होय. तिचा वापर अनेक शास्त्रांत होतो. तथापि चर्चा नेमकी राहावी म्हणून येथे एकच क्षेत्र घेतले आहे : विजेच्या साहाय्याने द्रावणातून धातूवर चढविलेली निकेल-लोह व तत्सम मिश्रधातूंची पातळ चुंबकीय पटले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या क्षेत्रात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, येथे प्रयोगांचे परीक्षण करावयाचे नाही. प्रयोगांचे निष्कर्ष ज्या वाक्यांत सांगितले जातात त्या वाक्यांचे परीक्षण करावयाचे आहे. वाक्याचे परीक्षण हा आमचा व्यवसायच होय.

क्षेत्राची थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. सुमारे ८० टक्के निकेल व २० टक्के लोह असलेला मिश्रधातू ‘पर्मलॉय’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तो अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रातही सहज चुंबकित होतो आणि तितक्याच सहजतेने आपले चुंबकत्व पालटतो. चुंबकित पदार्थाचे चुंबकन शून्यावर आणण्यास जे उलटे क्षेत्र लावावे लागते त्यास ‘निग्राहिता’ म्हणतात. पर्मलॉयची निग्राहिता फार अल्प असते. ह्याच गुणामुळे संगणकाच्या चकतीवर माहिती लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या शीर्षासाठी त्याची निवड झाली. १९७९ साली आय. बी. एम. कंपनीच्या ‘३३७०’ ह्या चकती-यंत्रात पातळ पटलाचे शीर्ष प्रथम वापरात आले. ते पटल विद्युत्-विलेपनाने, म्हणजे आपल्याकडील कारागीर ज्याला ‘मुलामा देणे’ म्हणतात त्याच मूळ क्रियेने, तयार केलेले होते. ल्युबोमिर रोमँकिव ह्यांचे नाव ह्या कार्याशी निगडित आहे. दागिन्यांवर व सायकलींच्या दांड्यांवर झळाळी आणणारी विद्या अशा प्रकारे सूक्ष्म यंत्ररचनेच्या सेवेस आली. आणि येताना तिने आपला जुना शब्दसंग्रहही बरोबर आणला. प्रस्तुत चिकित्सेचा विषय तोच आहे.

२

निकेलच्या मुलाम्यासाठी ऑलिव्हर वॉट्स ह्यांनी १९१६ साली सुचविलेले द्रावण आजही मूळ पाठासारखे मानले जाते. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक अम्ल हे त्याचे घटक होत. निकेल-लोह पटलांच्या द्रावणात ह्यात थोडे फेरस सल्फेट मिळवितात, व नंतर ‘पूरक द्रव्ये’ येतात. त्यांत सॅकरीन हे जवळजवळ ठरलेले. १८७९ साली कॉन्स्टंटिन फालबर्ग ह्यांना डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करताना गवसलेला हा गोड पदार्थ. मुलाम्याच्या द्रावणात तो सर्वसाधारणपणे लिटरमागे एक-दोन ग्रॅम इतका घालतात. त्याच्या जोडीला सोडियम लॉरिल सल्फेट हे साबणासारखे द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे जे बुडबुडे चिकटून राहतात व पटलावर खळगे पाडतात, ते त्यामुळे सुटून जातात. काही द्रावणांत फेरस आयनांचे हवेमुळे फेरिकमध्ये रूपांतर होऊ नये म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल असते. काहींत धातूचे आयन बांधून ठेवणारे सायट्रेट असते.

आता प्रश्न असा की, ह्या सर्वांना एका नावाखाली आणणारे समान लक्षण कोणते? रासायनिक जाती भिन्न आहेत. कार्ये भिन्न आहेत. कार्याची स्थळेही भिन्न आहेत : अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल द्रावणात काम करते, साबणासारखे द्रव्य बुडबुडा व धातू ह्यांच्या सीमेवर, तर सॅकरीन वाढत्या पटलाच्या पृष्ठावर. समान लक्षण एकच उरते, व ते म्हणजे प्रयोग करणाऱ्याने ही द्रव्ये मुख्य क्षारांच्या नंतर, अल्प प्रमाणात, वरून घातली. म्हणजे ही संज्ञा द्रव्याचे वर्णन करीत नाही. ते घालणाऱ्या हाताचे वर्णन करते. आणि तेही नीट नाही. बोरिक अम्ल लिटरमागे २५–३० ग्रॅम असते. त्याला कोणी मूळ घटकांत धरतात, कोणी पूरक द्रव्यांत. जेथे वर्गाची सीमा लेखकागणिक सरकते, तेथे तो वर्ग शास्त्राचा नसून सोयीचा आहे असे समजावे.

ह्या क्षेत्रातील दुसऱ्या एका संज्ञेशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. निकेल हे लोहापेक्षा अधिक ‘उच्च’, म्हणजे विद्युत्-रसायनाच्या श्रेणीत सहज निक्षेपित होणारे : निकेलचे प्रमाण वर्चस् सुमारे उणे ०·२५ व्होल्ट, लोहाचे उणे ०·४४ व्होल्ट. तेव्हा पटलात निकेलचे प्रमाण द्रावणातल्यापेक्षा वाढावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात लोहाचेच वाढते. द्रावणात निकेलच्या मानाने लोह फार थोडे असूनही पटलात ते पाचव्या हिश्श्यापर्यंत पोचते. ॲबनर ब्रेनर ह्यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या मिश्रधातूंच्या विद्युत्-निक्षेपणावरील आपल्या द्विखंडी ग्रंथात ह्या प्रकारास ‘विपरीत सहनिक्षेपण’ अशा अर्थाचे नाव दिले. व्याकरणातील ‘अनियमित क्रियापदा’सारखेच हे नाव आहे. क्रियापद अनियमित नसते. आपला नियम अपुरा असतो. परंतु ह्या नावात एक प्रामाणिकपणा आहे. ‘अपेक्षेहून वेगळे घडले’ हे ते उघडपणे सांगते, आणि म्हणून ‘का?’ हा प्रश्न उभा करते. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, डाम्स व क्रॉल ह्यांनी त्याचे एक स्पष्टीकरण मांडले : ऋणाग्राजवळ अम्लता घटून धातूचा हायड्रॉक्साइड पृष्ठावर बसतो व निकेलची वाट अडवितो. हे स्पष्टीकरण पुढे वादाचा विषय झाले हे खरे. पण वाद झाला तो प्रश्न विचारला गेला म्हणूनच. ‘पूरक द्रव्य’ ही संज्ञा असा कोणताही प्रश्न उभा करीत नाही.

३

आपल्या व्याकरणपरंपरेत अशाच एका अडचणीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. शब्दसिद्धीत मूळ धातूला जे काही बाहेरून येऊन मिळते, ते सर्व एकाच प्रकारचे नव्हे, हे पाणिनीने ओळखले होते. ‘पठित’ ह्या रूपात धातू व प्रत्यय ह्यांच्यामध्ये ‘इ’ येते आणि सिद्ध शब्दात ती कायम राहते, हा आगम. ‘पाक’ ह्या रूपाची गोष्ट निराळी. तेथे ‘पच्’ धातूला ‘घञ्’ हा प्रत्यय लागतो. त्यातील ‘ञ्’मुळे धातूच्या स्वराची वृद्धी होते, ‘घ्’मुळे ‘च्’चा ‘क्’ होतो, आणि एवढे कार्य करून ते दोन्ही वर्ण लोप पावतात. मागे केवळ ‘अ’ उरतो. ह्या कार्य करून नाहीशा होणाऱ्या वर्णांना ‘इत्’ अथवा ‘अनुबंध’ म्हणतात. सिद्ध शब्द कितीही तपासला तरी ते सापडावयाचे नाहीत. त्यांचा परिणाम मात्र सापडतो.

ही भेदरेषा चुंबकीय पटलांना लावून पाहावी. बुडबुडे सोडविणारे द्रव्य व अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल ह्यांचे अपेक्षित कार्य अनुबंधाचे आहे. पटलात त्यांनी राहावे असा हेतू नाही. ती राहिलीच तर तो दोष समजला जातो. सॅकरीनचे तसे नाही. त्याचे रेणू ऋणाग्राच्या पृष्ठावर अधिशोषित होतात, स्फटिकांच्या वाढीच्या जागा अडवितात, व त्यामुळे थोडे मोठे स्फटिककण वाढण्याऐवजी पुष्कळ बारीक कण जन्म घेतात. एवढ्यापुरते ते अनुबंधासारखे. परंतु त्याच वेळी रेणूतील कार्बन-गंधक बंध तुटतो व गंधकाचा अंश पटलात कायमचा जाऊन बसतो. एवढ्यापुरता तो आगम. एकच द्रव्य एकाच क्रियेत दोन्ही भूमिका घेते, आणि दोहोंचे परिणाम भिन्न दिशांना जातात.

अर्थात उपमेची मर्यादा विसरता कामा नये. व्याकरणाचा नियम लागतो किंवा लागत नाही. रसायनात सर्व काही प्रमाणावर असते. अनुबंध शंभर टक्के लोप पावतो. पटलातील कोणत्याही द्रव्याबद्दल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. बोरिक अम्ल केवळ पृष्ठाजवळील अम्लता सांभाळते, की स्वतः पृष्ठावर बसून काही करते, ह्याविषयीही एकमत नाही. तथापि ‘कार्य करून गेले, की कार्य करून राहिले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या परंपरेत आहे, आणि ह्या वाङ्मयात तोच प्रश्न अग्रभागी असावयास हवा.

४

आता ह्या वाङ्मयात वारंवार आढळणाऱ्या निष्कर्ष-वाक्याकडे वळू. मराठीत ते असे होईल : ‘सॅकरीनने पटलाची निग्राहिता घटते.’ वाक्य निर्दोष दिसते. सर्व दोष त्या ‘-ने’मध्ये दडला आहे.

‘कुऱ्हाडीने लाकूड तुटते’ आणि ‘पावसाने पीक गेले’ ह्या दोन वाक्यांत प्रत्यय एकच असला तरी संबंध एक नाही. कुऱ्हाड हे करण आहे. तोडण्याच्या क्रियेत तिचा प्रत्यक्ष व्यापार आहे. पाऊस हा हेतू आहे. पाऊस व पीक जाणे ह्यांच्यामध्ये मुळे कुजणे, कीड पडणे, कणीस झडणे असे अनेक टप्पे असू शकतात, व वाक्य त्यांविषयी मौन पाळते. पाणिनीनेही करण व हेतू ह्यांसाठी तृतीया सांगताना दोन निरनिराळी सूत्रे केली आहेत. विभक्ती एक म्हणून अर्थ एक असे त्याने मानले नाही. सॅकरीनचे वाक्य हेतूचे आहे, परंतु वाचले जाते करणाचे म्हणून.

मधले टप्पे कोणते? निदान चार तरी आहेत. पहिला, स्फटिककण बारीक होणे. गिसेल्हर हेर्त्सर ह्यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले की, मृदू चुंबकीय पदार्थांत कणांचा आकार एका विशिष्ट मर्यादेखाली, म्हणजे काही दशक नॅनोमीटरांखाली, गेला की निग्राहिता आकाराच्या सहाव्या घातानुसार झपाट्याने उतरते. कण त्या मर्यादेहून मोठे असतील तर मात्र नियम उलटा : कण जितके बारीक तितकी निग्राहिता अधिक. तेव्हा ‘कण बारीक झाले म्हणून निग्राहिता घटली’ हे वाक्यही कण किती बारीक झाले हे सांगितल्यावाचून अपुरे आहे.

दुसरा टप्पा अंतर्गत प्रतिबलाचा. पूरक द्रव्यावाचून चढविलेल्या निकेलमध्ये ताणाचे प्रतिबल असते व ते शंभर मेगापास्कलहून अधिक असू शकते. पटल तडकण्याचे व सोलून निघण्याचे ते एक कारण. सॅकरीन हा ताण उतरवते व प्रमाण वाढविल्यास त्याचे दाबात रूपांतर करते. परंतु प्रतिबलाचा चुंबकत्वाशी संबंध येतो तो चुंबकीय आकारांतराच्या, म्हणजे चुंबकनामुळे पदार्थाच्या लांबीत पडणाऱ्या सूक्ष्म फरकाच्या, द्वारे. दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा. आणि निकेलचे प्रमाण सुमारे ८१ टक्के असताना हे आकारांतर जवळजवळ शून्य असते. पर्मलॉयची कीर्ती मुख्यतः त्यावरच उभी आहे. गुणाकारातील एक पद शून्य असेल तर दुसऱ्यातील बदलाला निग्राहितेचे श्रेय कसे द्यावयाचे?

तिसरा टप्पा त्यातूनच निघतो. प्रवाहघनता तीच ठेवून द्रावणात सॅकरीन घातले की पृष्ठाचा काही भाग व्यापला जातो व ऋणाग्राचे वर्चस् बदलते. त्याबरोबर निकेल व लोह ह्यांचे गुणोत्तरही बदलू शकते. निकेल ८१ टक्क्यांच्या वर गेले तर आकारांतर ऋण, खाली आले तर धन. म्हणजे सॅकरीन घातलेले व न घातलेले अशी दोन पटले शेजारी ठेवली, तर त्यांत केवळ सॅकरीनचाच फरक आहे असे म्हणता येत नाही. त्यांचा धातूच निराळा असू शकतो. चौथा टप्पा पटलात राहिलेल्या गंधकाचा; त्याचा विचार पुढील भागात केला आहे.

येथे कोणी म्हणेल की, जाणकार संशोधकांना हे सर्व ठाऊक असते, व ‘-ने’ हा केवळ संक्षेप आहे. आक्षेप रास्त आहे. उत्तम निबंधांत घटकांचे प्रमाण, कणांचा आकार व प्रतिबल ही तिन्ही मोजलेली असतात, आणि लेखक त्यांतील एकेक बाजूस काढून मगच बोलतो. परंतु संक्षेप हा ज्याला विस्तार माहीत आहे त्याच्यासाठी असतो. विद्यार्थी तो संक्षेपच प्रथम वाचतो, तोच पाठ करतो, आणि आपल्या प्रबंधात ‘सॅकरीनसहित’ व ‘सॅकरीनरहित’ अशा दोन रकाने असलेल्या कोष्टकाने समाधान मानतो. ह्या दोन रकान्यांमध्ये ‘-ने’ ह्या प्रत्ययाहून अधिक ज्ञान नाही.

५

संज्ञेच्या अर्थाने दिशा कशी ठरते ह्याचे एक उदाहरण ह्याच क्षेत्रात आहे. चकतीवरील माहितीची दाटी वाढू लागली तशी पर्मलॉयपेक्षा अधिक संपृक्त चुंबकन असलेल्या पटलांची गरज भासू लागली. पर्मलॉयचे मान सुमारे १ टेस्ला. जपानमधील वासेदा विद्यापीठाचे तेत्सुया ओसाका व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात कोबाल्ट, निकेल व लोह ह्यांचे अनुक्रमे ६५, १२ व २३ असे प्रमाण असलेले विद्युत्-विलेपित पटल वर्णन केले. त्याचे मान २·० ते २·१ टेस्ला होते व निग्राहिता १·२ ओर्स्टेडहून अधिक नव्हती. ह्या यशातील लक्षणीय गोष्ट अशी की, द्रावणातून सॅकरीनसारखी गंधकयुक्त द्रव्ये वगळलेली होती. निराळ्या रचनेचे दोन स्फटिकप्रकार जेथे एकत्र नांदतात अशा प्रमाणाजवळ कण मुळातच बारीक राहतात. त्यासाठी सॅकरीनची मध्यस्थी लागत नाही. उलट त्यातून येणारा गंधक संपृक्त चुंबकन व गंजरोध ह्या दोहोंना बाधक ठरतो.

तात्पर्य असे की, ‘पूरक’ म्हणून जे घातले जात होते ते त्या ठिकाणी पूरक नव्हते. कण बारीक करणे हे कार्य हवे होते. द्रव्य नको होते. कार्य व द्रव्य ह्यांना वेगळे करून पाहिल्यावाचून ‘हे द्रव्य काढून टाकले तर?’ हा प्रश्न सुचणे कठीण. केवळ संज्ञेमुळे कोणाचे पाऊल अडले असे म्हणण्याचा येथे हेतू नाही; संशोधनाला विलंब होण्याची कारणे पुष्कळ असतात. परंतु ज्या नावात ‘भर घालणे’ एवढाच अर्थ आहे, ते नाव वजाबाकी सुचवीत नाही, हेही तितकेच खरे.

आणि गंधक हा सर्वत्र दोषच, असेही नव्हे. मोटारीच्या भागांवर निकेलचे दोन थर देण्याची पद्धत आहे. खालचा जवळजवळ गंधकरहित, वरचा चकचकीत व गंधकयुक्त. गंधकयुक्त थर विद्युत्-रासायनिक दृष्ट्या अधिक क्रियाशील असल्यामुळे गंज आडवा पसरतो, वरचा थर झिजतो व खालचा वाचतो. जो आगम चुंबकीय शीर्षात उपद्रवी, तोच मोटारीवर रक्षणकर्ता. तापविल्या जाणाऱ्या सूक्ष्म यांत्रिक भागांत तोच पुन्हा घातक. कारण उष्णतेने गंधक कणसीमांवर गोळा होतो व धातू ठिसूळ बनतो. ‘परिणाम’ हा शब्द हेतूच्या उल्लेखावाचून लिहिला की त्याला अर्थ उरत नाही, तो असा.

६

मराठीतून उच्च शास्त्रीय शिक्षण देऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने ह्या चर्चेला व्यावहारिक महत्त्व आहे. आपण परिभाषा घडवितो तेव्हा बहुधा इंग्रजी संज्ञेचा अर्थ घेतो व तिच्यातील संदिग्धताही प्रतिज्ञेवर उचलून आणतो. तसे करण्याचे कारण नाही. आपल्या घरांतून व कारखान्यांतून वरून घालावयाच्या वस्तूंना कार्यावरून नावे देण्याची रीत आहे. दुधात घालतात ते विरजण, पिठात घालतात ते मोहन. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तो कथलात मिसळावा म्हणून नव्हे, तर भांड्यावरील मळ जावा व कथील नीट धरावे म्हणून. नवसागर धूर होऊन जातो, कथील राहते. विरजण मात्र दह्यात राहते. ह्या दोघांना एका नावाने हाक मारावी असे कोणाही गृहिणीच्या वा कारागिराच्या मनात येत नाही.

‘पूरक द्रव्य’ हा शब्द टाकून द्यावा असे सुचवावयाचे नाही. व्यापक निर्देशासाठी तो उपयोगी आहे. परंतु निष्कर्षाच्या वाक्यात तो एकटा येऊ नये. तेथे ‘कणसूक्ष्मक’, ‘प्रतिबलशामक’, ‘बुद्बुदनिवारक’, ‘आयनबंधक’ अशी कार्यवाचक नावे योजावीत, व एकाच द्रव्याची दोन कार्ये असतील तर दोन्ही नावे द्यावीत. शिवाय प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : द्रव्याने कार्य कोठे केले, द्रावणात, पृष्ठावर की पटलात, कार्यानंतर त्याचा कोणता अंश मागे राहिला, आणि ते घातल्यामुळे दुसरे काय काय बदलले. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तर ‘-ने’ हा प्रत्यय खुशाल वापरावा. तो मग रिकामा राहणार नाही.

शास्त्राची भाषा शास्त्रज्ञांनीच घडवावयाची असते, ह्यात शंका नाही. व्याकरणाचा अभ्यासक फार तर वाक्यातील पोकळ जागा दाखवू शकतो. ती भरून काढण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे.